चोविसावा क्यूब

टाकीत तेवीस क्यूब असायला हवे होते. वसंतने दोनदा मोजले आणि दोन्ही वेळा ते चोवीस भरले. मोजण्यात चुकायला तो काही कालचा उमेदवार नव्हता. बावन्न वर्षांच्या आयुष्यातली अठ्ठावीस वर्षं सळया, गोण्या आणि खिडक्या मोजण्यातच गेलेली. तरी त्याने बाही वर सारली, टाकीच्या कडेला गुडघा टेकला आणि तिसऱ्यांदा एकेका ठोकळ्याला बोट लावत मोजलं. तेवीस ठोकळे राखी, तुळतुळीत, ओळीने बसवलेले. चोविसावा कोपऱ्यात एकटा, पिवळसर, कडा झिजलेला. त्याच्या एका अंगाला तांबूस डाग होता आणि त्या डागातून पाण्यात एक फिकट लाल रेघ सुटत होती. वसंतने हात घालून तो फिरवला. खिळ्याने कोरलेली अक्षरं वर आली. ‘सातपिंपळ शाळा, १२ मार्च ०४’ आणि खाली, शेपटी उगाच लांब ओढलेला ‘त’ असलेलं ‘वसंत’. अक्षर त्याचंच होतं. शपथेवर नाही म्हणायची सोय नव्हती.

ज्याने आयुष्यात कधी घर बांधलं नाही त्याला हे सांगायला हवं, की स्लॅब टाकताना त्याच मालातून लोखंडी साच्यात थोडं कॉन्क्रीट भरून वीतभरापेक्षा जरा लहान असा चौकोनी ठोकळा करतात, ओला असतानाच त्यावर कामाचं नाव आणि तारीख कोरतात, अठ्ठावीस दिवस पाण्यात ठेवतात आणि मग मशीनखाली दाबून फोडतात. ज्या आकड्याला तो फुटतो तो स्लॅबचा जीव. स्लॅब काही फोडून बघता येत नाही, म्हणून त्याचं पिल्लू फोडायचं. बारामतीच्या नीरा-भीमा स्थापत्य मंडळाने या साध्या चाचणीचा सणच करून टाकला होता. मंडळाचे संस्थापक आबासाहेब हा माणूस भलता खट. पंधरा सप्टेंबरच्या अभियंता दिनाला कुणीतरी नारळ आणला, तर ते म्हणाले, “नारळ कुणाच्याही हातून फुटतो. आपलं काम फोडून दाखवा.” तेव्हापासून दरवर्षी स्वातंत्र्यदिनाचं झेंडावंदन झालं की प्रत्येक सभासदाने आपल्या कामाचा एक क्यूब आणून मंडळाच्या टाकीत सोडायचा, झाकणाला कुलूप लागायचं, किल्ली अध्यक्षाकडे, आणि एक महिन्याने सगळ्यांच्या देखत मशीनचा काटा काय सांगेल तो मोठ्याने वाचायचा. नियम एकच, आबासाहेबांच्या शब्दातला. टाकीत पडलेला क्यूब फुटल्याशिवाय बाहेर येत नाही. आबासाहेब गेले, नियम राहिला. यंदा अध्यक्ष वसंत होता.

“सर, काय झालं?” चिटणीस केयूर मागून आला. तिशीचा, चुणचुणीत, सदा काहीतरी शिजवत असल्यासारखा.

“हा कुणी ठेवला?”

केयूरने वाकून पाहिलं. “अक्षर तर तुमचंच दिसतंय, सर. तुम्हीच ठेवला असेल की.” आणि तो हसला. “मी वहीत घेतलाय. क्रमांक चोवीस.”

वसंतही हसला. न हसून सांगतो कुणाला. पण त्याचा हात अजून पाण्यात होता आणि त्याला वाटत होतं, की तो हात आता बाहेर काढला तर त्याच्याबरोबर आणखी काहीतरी बाहेर येईल. कारण हा ठोकळा त्याने स्वतः, या दोन हातांनी, एकवीस वर्षांपूर्वी कॅनॉलच्या पुलावरून पाण्यात टाकला होता. आठ किलोचं कॉन्क्रीट पाण्यावर तरंगत नाही, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. ते चालत येऊन टाकीत बसत नाही, हे तर मुळीच नाही.

गाडी चालवत घरी येताना ते सगळं त्याला जसंच्या तसं आठवायला लागलं, आणि चीड याची आली, की इतकी वर्षं ते कुठे गेलेलं नव्हतंच. अंथुर्ण्याच्या पुढे शेळगावच्या बाजूला आत वळलं की सातपिंपळ वस्ती. नाव सातपिंपळ, झाड एक नाही. चार खोल्यांची शाळा, आता हयात नसलेला एक ठेकेदार, आणि एकतीस वर्षांचा वसंत, ज्याच्या नावावरचं ते पहिलं काम. दुष्काळाचं दुसरं साल. कॅनॉलला पाणी तुटलेलं, टँकर माणसांनाच पुरेना, तिथे कॉन्क्रीटला कोण विचारतो. ठेकेदाराने वस्तीवरच्या विहिरीचं पाणी घेतलं. वसंतने बोट बुडवून जिभेला लावलं होतं. खारट, मचूळ, जीभ आत ओढून घेणारं. “साहेब, जनावरं पितात की,” ठेकेदार म्हणाला. वाळूतही माती होती. मुठीत धरून सोडली तर तळहात पिवळा. दुपारी मिक्सर बंद पडला, अर्धा स्लॅब हाताने कालवलेल्या मालावर गेला. घमेली वाहणाऱ्या बायका वर-खाली, वर-खाली, आणि हा टोपी घालून उभा. त्याने तेव्हा काम थांबवायला हवं होतं. त्याला हे तेव्हाच कळत होतं, हीच तर गोम आहे. तो थांबवायला म्हणून एक पाऊल पुढेही गेला होता, आणि मग त्याने खिशातून खिळा काढला आणि तीन क्यूबवर नाव-तारीख घातली, जणू नाव नीट कोरलं की पाणी गोड होणार होतं.

अठ्ठावीस दिवसांनी त्याने त्यातला एक पुण्याला नेऊन ओळखीच्या लॅबमध्ये गुपचूप फोडला. वीस यायला हवे होते. लॅबवाल्याने काट्याकडे पाहिलं, मग वसंतकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, “अकरा.” उद्घाटन एक मेचं ठरलेलं, पत्रिका वाटलेल्या, बायकोला, मंदाकिनीला सातवा महिना. स्लॅब पाडा म्हणावं तर उभ्या तालुक्यात छी-थू, पुन्हा कामाला कुत्रंही विचारणार नाही. परतताना उन्हाळी आवर्तन सुटलेलं, कॅनॉल काठोकाठ. पाणी नव्हतं तेव्हा स्लॅब खाऱ्या पाण्यात पडला आणि पाणी आलं तेव्हा उरलेले दोन क्यूब त्यात पडले, असा तो सगळा हिशेब. दुप्पट सिमेंट घालून त्याने घराच्या मागे नवे तीन क्यूब केले, त्यावर जुनीच तारीख कोरली, आणि कागदावर सव्वीस आलं. कॉन्क्रीट वयाबरोबर घट्ट होत जातं, असं त्याने स्वतःला सांगितलं. पुस्तकात तसं आहेही. फक्त पुस्तकातलं कॉन्क्रीट गोड्या पाण्यातलं असतं.

आणि काही झालं नाही. एक वर्ष गेलं, दहा गेली, एकवीस गेली. सुरुवातीला कुठे घर कोसळल्याची बातमी आली की तो आधी गावाचं नाव वाचायचा. पुढे तेही सुटलं. त्याने बारामतीत निम्म्या सोसायट्या उभ्या केल्या, सगळ्या चोख. एकेक क्यूब समोर उभा राहून फोडून घेतला, मजूर पाठीमागे त्याला ‘क्यूबवाला साहेब’ म्हणायचे. लोकांना वाटायचं काय कडक माणूस आहे! कडक कसला, भ्यालेला होता तो.

“भातात खडा लागला का हो?” मंदाकिनीने विचारलं. त्या दिवसापासून हे रोज चाललं होतं. घास तोंडात घेतला की दातांखाली काहीतरी करकर वाजायचं. तो थांबायचा, जिभेने शोधायचा, काही नसायचं. मंदाकिनीने तांदूळ दोनदा निवडले, मग डबाच बदलला, मग म्हणाली, “दातांच्या डॉक्टरकडे जाऊन या एकदा. मी काही तुम्हाला वाळू वाढत नाही.” तिला तो काय सांगणार? ती तेव्हा सातव्या महिन्यात होती आणि मुलगा निहार आता एकवीस वर्षांचा आहे, बाहेरगावी शिकतो, आणि त्याच्या पहिलीपासूनच्या प्रत्येक शाळेत वसंतने पहिल्या दिवशी मान वर करून छत पाहिलं होतं. दुसऱ्यांची पोरं सातपिंपळला बसत होती, तिकडे त्याने मान वर केली नव्हती. आता मात्र मान आपोआप वर जायला लागली होती. बँकेत, दवाखान्यात, न्हाव्याच्या खुर्चीत. छताकडे नीट पाहिलं की छतही आपल्याकडे पाहतं आहे असं वाटायचं, आणि कान दिला की वरून अगदी बारीक, भुरभुर असा आवाज यायचा, कुणीतरी मुठीतून रवा सोडत असल्यासारखा. तो इकडेतिकडे बघायचा. बाकी कुणाला तो येत नसे.

आठवड्याने तो सातपिंपळला गेला. एकवीस वर्षांत पहिल्यांदा. शाळा जागेवर होती, गुलाबी रंग दिलेला, भिंतीवर फळांची चित्रं. हे पाहून त्याला इतकं हायसं वाटलं, की तो गाडीतच दोन मिनिटं बसून राहिला. आतून पाढे चाललेले. मास्तर शंभूराज तरुण होते. मंडळाचे अध्यक्ष आलेत म्हटल्यावर त्यांची धांदल उडाली. त्यांनी चारी खोल्या दाखवल्या, कौतुकाने. चौथ्या खोलीत शिरताना वसंतच्या दातांखाली करकर वाजलं. छताला मधोमध ओल चढली होती, तिच्या कडेने पांढरा खार फुललेला, आणि एका ठिकाणी गिलावा सुटून आतल्या सळीची गंजकी तांबडी रेघ दिसत होती. नेमकी तीच, हाताने कालवलेल्या मालाची बाजू. पुढच्या बाकावरची एक पोरगी वहीवरचं काहीतरी पट्टीने झाडत होती. झाडायची, लिहायची, परत झाडायची. इतकी सवयीने, की तिचं लक्षही नव्हतं.

“काय करतेस गं?”

“वरनं पीठ पडतंय, सर.”

“पीठ नाही, राजलक्ष्मी, वाळू म्हणतात तिला,” मास्तर हसून म्हणाले. मग वसंतला, “पंखा लावला की जास्त पडते, म्हणून बंदच ठेवतो. सर, मंडळातर्फे छताला जरा गिलावा करून मिळाला तर बघा ना. माझा नंबर घेऊन ठेवा.”

वसंतने नंबर घेतला. बघतो म्हणाला. पोरांनी एका सुरात नमस्ते केलं, त्याने हात जोडले, आणि बाहेर येऊन चपलेत पाय घालताना त्याला दिसलं, की आपल्या शर्टाच्या खांद्यावर बोटभर जागेत बारीक राखाडी भुकटी पडली आहे. त्याने ती झाडली नाही. कसं कोण जाणे, झाडायला हात उचलेना.

माणूस शहाणा असता तर इथेच गोष्ट संपली असती. मास्तरांना म्हणाला असता, उद्यापासून मैदानात वर्ग भरवा, बाकीचं मी पाहतो. हे वाक्य त्याच्या तोंडात होतंसुद्धा. अंथुर्ण्यापर्यंत ते तोंडात होतं, भवानीनगरच्या वळणावर ते गिळलं गेलं, आणि बारामतीत शिरेपर्यंत त्याची जागा दुसऱ्याच विचाराने घेतली. टाकीतला तो क्यूब. तो फुटणार अकराला, शंभर इंजिनिअरांच्या देखत, आणि त्यावर शाळेचं नाव, तारीख, आणि लांब शेपटीचा त. जन्मभर दुसऱ्यांची कामं पाडून पाडून मिळवलेला कडक साहेबाचा मान एका काट्यावर धुळीला मिळणार. शाळेचं नंतर बघू. मंडळातर्फे दुरुस्ती करू, हळूच, निधीतून. आधी तो क्यूब. मनाचं असं असतं, पुढ्यातली आग सोडून ते आधी धुराची व्यवस्था लावतं.

मग त्याने तेच केलं जे त्याला येत होतं. घराच्या मागे, भर दुपारी, मंदाकिनी भिशीला गेली असताना त्याने दुप्पट सिमेंट घेऊन नवा क्यूब भरला. गोड पाणी, धुतलेली वाळू. ओल्या अंगावर खिळ्याने कोरलं, सातपिंपळ शाळा, १२ मार्च ०४. हात जराही थरथरला नाही, हे पाहून त्यालाच भीती वाटली. शेपटी तेवढीच लांब आली. दुसऱ्या दिवशी साचा सोडवला, गच्चीवरच्या पिंपात बुडवून ठेवला. पंधरा दिवसांनी काढून चहाच्या पाण्याने पिवळा केला, कडा दगडावर घासल्या. दोन्ही शेजारी ठेवले असते तर त्याच्या बापालाही ओळखता आले नसते, असं त्याला वाटलं. तांबडा डाग मात्र त्याला काही केल्या जमला नाही. गेरू लावून पाहिला, तो उठून दिसायला लागला, म्हणून पुसून टाकला. डाग पाण्यात गेला म्हणता येईल.

बारा तारखेला सकाळी किल्ली त्याच्याकडेच होती, मंडळाच्या कार्यालयात कुणी नव्हतं, आणि दोन मिनिटांत काम झालं. जुना क्यूब हातात घेतला तेव्हा तो थंडगार लागला आणि एका बाजूने विलक्षण गुळगुळीत. कितीतरी हातांनी कितीतरी वर्षं कुरवाळल्यासारखा.  त्याने तो मंदाकिनीच्या जुन्या टॉवेलात गुंडाळला, डिकीत टाकला, आणि गाडी आपोआप शेळगावच्या रस्त्याला लागली. दुसरीकडे कुठे टाकावा हे त्याला सुचलंच नाही. चोराला एकच वाट ठाऊक. ऊन रणरणत होतं, ऊस दोन्ही बाजूंनी अंगावर आलेला, कॅनॉल तसाच काठोकाठ. पुलाच्या त्याच कठड्यावर त्याने पोट टेकलं. ठोकळा पाण्यात गेला, चार बुडबुडे आले, आणि जिथे तो बुडाला तिथून एक फिकट लाल रेघ पाण्याबरोबर वाहत बाजूला गेली. तो वळला. पलीकडे उतारावर कुणीतरी कपडे आपटत होतं, धप्, धप्. त्याने पाहिलं नाही.

त्यानंतरचे तीन दिवस तो टाकी मोजत राहिला. चोवीस. अर्थातच चोवीस, त्यानेच तर ठेवला होता. पण दर वेळी झाकण उचलताना मनात यायचं, की पंचवीस तर भरणार नाहीत?

पंधरा सप्टेंबर सोमवारी आला. कार्यक्रम दुपारी, जेवणानंतर. सभागृह भरलेलं, पुढे टेबलावर हार घातलेलं मशीन, बाजूला चोवीस क्यूब मांडलेले, प्रत्येकाखाली चिठ्ठी. मंडळाची दुसरी एक चांगली चाल होती, दरवर्षी एका जुन्या बांधकाम कामगाराचा सत्कार. त्यासाठी एक म्हातारी वसंतशेजारच्या खुर्चीवर आणून बसवलेली, काळीसावळी, हाडाने मोठी, डोक्यावर घट्ट पदर. तिने वसंतला नमस्कार केला आणि त्याने तिला, ओळख न पटताच.

क्यूब फुटायला लागले. बावीस, सत्तावीस, एकतीस. टाळ्या, थट्टा, एकाचा एकोणीसला फुटला तर “वाळू स्वस्त होती काय रे?” असा मागून आवाज. वसंत हसत होता. तेवीस झाले, आणि केयूरने माइक हातात घेतला. त्याचा चेहरा पोटातलं गुपित आता फुटणार अशा आनंदाने फुलून गेला होता.

“शेवटचा क्यूब स्पर्धेतला नाही. या द्वारकाबाई, सातपिंपळ वस्तीच्या. सत्कारासाठी जुनी माणसं शोधत मी यांच्या घरी गेलो, तर देव्हाऱ्यात देवीच्या टाकाखाली हा ठोकळा! हळद-कुंकू वाहिलेला. म्हणाल्या, वसंत साहेबांचा हाय. सरांच्या पहिल्या कामाचा क्यूब, यांनी एकवीस वर्षं जपला. मी मागून आणला आणि सरांना न सांगता टाकीत सोडला. सर, रागावू नका!”

सभागृह उठून उभं राहिलं. वसंतच्या कानात टाळ्यांच्या खालून ती भुरभुर सुरू झाली. म्हणजे भूत नव्हतं. भूत असतं तर बरं झालं असतं. केयूरने क्यूब दोन्ही हातांनी उचलला, मशीनकडे जाताना म्हातारीपुढे धरला, आणि तिने नमस्काराला बोटं टेकली. टेकली आणि झटकन मागे घेतली. तिने वसंतकडे पाहिलं. मग ती खुर्चीवर नीट सावरून बसली.

काटा चढायला लागला. वीस. पंचवीस. तीस. लोक आकडे मोठमोठ्याने म्हणत होते. अडतीसला तो क्यूब सुतळीबॉम्बसारखा फुटला आणि एकच गजर झाला. कुणीतरी शिट्टी मारली. “याला म्हणतात काम!” कुणीतरी ओरडलं. एक कपचा घरंगळत द्वारकाबाईच्या पायाशी आला. तिने तो उचलला, अंगठ्याने आतून चोळला, नाकाशी नेला. जन्मभर माल वाहिलेल्या बाईला कागद लागत नाही.

“ह्यो आमचा न्हाय, साहेब,” ती हळू आवाजात, फक्त त्याला ऐकू जाईल असं म्हणाली. “ह्यो आतनं वला हाय. म्हैन्याभराचा बी नसंल. आमचा कुठाय?”

तो खोटं बोलू शकला असता. जीभ तयारही होती. पण दातांखाली करकर वाजलं आणि तोंडातून निघून गेलं, “कॅनॉलला टाकला.”

म्हातारीने मान हलवली, शेजारीण बाजारला गेली म्हणून सांगितल्यावर हलवावी तशी. “पुलावरनं?”

“हो.”

“मंग गावंल. मागल्या बारीला बी तुमी तितनंच टाकला व्हता. मी खाली धुणं धुत व्हते की. मला वाटलं, साहेबांनी गंगंला वाहिला. आन् मंग पाणी तुटल्यावर उघडा पडला, म्हणून देवात ठिवला. काळजी नगा करू. पाणी तुटू द्या, परत काढते.” ती थोडी थांबली. “दुसरा बी हाय अजून तितं. गाळात रुतलाय. त्यो मला एकटीला निघाला न्हाय.”

 आपण ज्याला बुडणं समजत होतो ते नुसतं थांबणं होतं. पाणी तुटेपर्यंत थांबणं. “द्वारकाबाई,” तो म्हणाला, आणि त्याला स्वतःचा आवाज ओळखू आला नाही, “तुमचं कोण आहे त्या शाळेत?”

“नात हाय की. राजलक्ष्मी.”

“शाळा किती वाजता सुटते?”

“पाचाला. आत्ता आसंल पाढं म्हणत.”

भिंतीवरच्या घड्याळात पावणेचार झाले होते. केयूरने अध्यक्षीय मनोगतासाठी त्याचं नाव पुकारलं. वसंत माइकपाशी गेला, खिशातून मनोगताचा कागद काढला आणि फोनही काढला. कागद खाली ठेवला. नंबर लावला. त्याला वाटलं, आता बाजूला जाऊन बोललो तर परत कधीच बोलणार नाही, म्हणून त्याने आवाज मोठा केला आणि फोन माइकसमोरच धरला. शंभर माणसं गप्प झाली. त्यांना वाटलं, काहीतरी गंमत आहे.

“बोला सर!” शंभूराज मास्तरांचा आवाज सभागृहभर घुमला. मागे पोरं म्हणत होती, तेरा चोक बावन्न, तेरा पाचे पासष्ट.

“मास्तर, पोरं बाहेर काढा. चारी खोल्यांतली. आत्ता. घंटा देऊ नका, पळवू नका, दप्तरं राहू द्या, हळू चालत मैदानात न्या.”

“का हो सर? काय झालं?”

“स्लॅब कच्चा आहे,” वसंत म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. “पहिल्या दिवसापासून कच्चा आहे. वीसच्या जागी अकरा होता. मला माहीत होतं. आत्ता फुटलेला क्यूब खोटा, तेव्हाचेही खोटे. मी केले. आधी पोरं काढा, मास्तर, मग मला काय म्हणायचं ते म्हणा.”

तेरा सक अठ्ठ्याहत्तर, तेरा साते, आणि पाढा मध्येच तुटला. बाकं सरकली. पावलं, कुजबुज, एका पोराचं हसणं, “ए, रांगेत!” असा मास्तरांचा ताणलेला आवाज, आणि मग सगळं लांब लांब जात बाहेर गेलं. मास्तर फोन टेबलावरच विसरले होते. रिकाम्या खोलीची शांतता माइकमधून सभागृहात उतरली. केयूर तोंड उघडं टाकून उभा होता. कुणी खुर्ची हलवली नाही.

त्या शांततेत ते ऐकू आलं. टेबलावर उघड्या राहिलेल्या हजेरीपटावर पडणारी, बारीक, न थांबणारी भुरभुर. महिनाभर ती एकट्या वसंतच्या कानात होती. आता तिला शंभर जण ऐकत होते, आणि ते सगळे बांधकामातले होते, त्यांना सांगावं लागलं नाही. एकेक करून सगळ्यांच्या माना वर गेल्या.

द्वारकाबाईने मात्र वर पाहिलं नाही. मांडीवरचा कपचा तिने टेबलावर ठेवला, पदर पुढे ओढला.

“व्हय,” ती म्हणाली. “पोर रोज सांगती, वरनं पीठ पडतंय. आमी म्हनायचो, खोटं बोलती.”